२१४७४८३६४७ : वाटणी न होणारी ज्वारी

चिंचेच्या दिवसांत आमच्या कळंब तालुक्यात घरोघरी चिंच फोडायचं काम चालतं. बायामाणसं सावलीला बसून चिंच फोडतात आणि चिंचोक्यांचा ढीग बाजूला साठत जातो. मूळ संख्या शिकवायच्या असल्या की मी पोरांना मूठमूठ चिंचोके घेऊन यायला सांगतो. खडूपेक्षा ते जास्त कामाला येतात.

खेळ सोपा आहे. बारा चिंचोके घ्या आणि आयत मांडा. तीन ओळींत चार-चार बसतात, दोन ओळींत सहा-सहाही बसतात. आता एक चिंचोका वाढवा, तेरा झाले. दोन ओळी केल्या तर एक उरतो, तीन केल्या तरी एक उरतो, पाच केल्या तर तीन उरतात. शेवटी तेराची एकच लांब रांग करावी लागते. ज्या ढिगाचा रांगेशिवाय दुसरा आयत होत नाही, ती मूळ संख्या. वाटणीच्या भाषेत सांगायचं तर तेरा दाणे तेरा जणांत वाटता येतात, नाहीतर एकट्यालाच सगळे द्यावे लागतात. मधला कुठलाच समान हिस्सा पडत नाही.

यंदा एका मुलीनं हात वर केला. "सर, आमच्या पप्पाचा मोबाईल नंबर मूळ संख्या हाय का?"

दहा आकडी नंबर. वर्गात चुळबुळ सुरू झाली, प्रत्येकाला आपल्या घरचा नंबर तपासायचा होता. शेवटचा आकडा सम असेल किंवा ५ असेल, तर तो नंबर लगेच बाद होतो. आकड्यांच्या बेरजेला ३ नं भाग गेला की आणखी काही बाद. पण उरलेल्यांचं काय करायचं?

आधी अशा संख्या किती असतात ते पाहू. पहिल्या १०० संख्यांत २५ मूळ संख्या आहेत, म्हणजे चारांत एक. पहिल्या १,००० मध्ये १६८, साधारण सहांत एक. संख्या मोठ्या होत जातात तशा मूळ संख्या विरळ होत जातात, पण त्या संपत कधीच नाहीत. हे युक्लिडनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध करून ठेवलंय. मोबाईल नंबरांच्या पट्ट्यात त्यांचं प्रमाण सुमारे तेविसांत एक एवढं उतरतं. म्हणजे आमच्या वर्गातल्या ३१ मुलांच्या घरी मिळून एखाद-दुसरा नंबर मूळ निघायला हरकत नाही.

पण तो कोणाचा, हे कसं कळणार? त्या प्रश्नासाठी मी फळ्यावर एक दहा आकडी संख्या लिहिली: २१४७४८३६४७. वाचताना दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हा कोणाचा मोबाईल नंबर असू शकत नाही, कारण आपल्याकडचे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात. पण ही संख्या मूळ आहे, आणि ती मूळ आहे हे एका माणसानं १७७२ साली, कुठलंही यंत्र हाताशी नसताना, सिद्ध केलं होतं.

ही संख्या येते कुठून, ते ज्वारीवरून समजेल. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, पुढं दर घरात दुप्पट. आपण फक्त ३१ घरं भरू. पहिल्या दोन घरांचे मिळून ३ दाणे, तीन घरांचे ७, चारांचे १५, पाचांचे ३१. दर वेळी बेरीज पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा एकानं कमी येते. एकतीस घरांची बेरीज होते दोनाचा ३१ वा घात उणे १, आणि तीच ही संख्या. हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं तर ही ज्वारी भरते सुमारे ६४४ क्विंटल, पन्नास किलोचे जवळजवळ १,२८८ कट्टे. एवढा ढीग खळ्यावर पडलाय आणि दाणा न मोडता त्याच्या समान वाटण्या करायच्यात. दोघां भावांत होत नाहीत, सात भावांत होत नाहीत, अख्ख्या गावात वाटल्या तरी होत नाहीत. नेमक्या तेवढ्याच, म्हणजे दोनशे चौदा कोटींवर, वाटेकऱ्यांना एकेक दाणा दिला तरच होतात.

दुपटीच्या अशा बेरजेतून निघणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू. त्यानं १६४४ मध्ये एक यादी दिली: घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असले तर उत्तर मूळ येतं, आणि २५७ पर्यंतच्या बाकी कुठल्याही घातांकाला येत नाही. त्यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, शिवाय ६१, ८९, १०७ त्याच्याकडून सुटले होते. ३१ मात्र बरोबर होता.

घातांक स्वतः मूळ असावाच लागतो. घातांक ६ घेतला तर सहा घरांची बेरीज ६३ येते. सहा घरांचे तीन-तीन घरांचे दोन गट पडतात आणि तीन घरांची बेरीज ७ असते, म्हणून ६३ ला ७ नं भाग जातोच. घरांचे समान गट पडले की दाण्यांच्याही वाटण्या पडतात. उलट बाजू मात्र खरी नाही, आणि पोरं इथंच फसतात. ११ ही मूळ संख्या, पण अकरा घरांची बेरीज २,०४७ येते आणि ती निघते २३ गुणिले ८९. पुढं ही २३ आपल्याला लागणार आहे.

आता तपासणीकडं येऊ. २१४७४८३६४७ ला कोणत्याच संख्येनं भाग जात नाही हे दाखवायचं तर दोनपासून एकेक संख्येनं भागत बसायचं का? पहिली सूट चिंचोकेच देतात. आयताला दोन बाजू असतात आणि लहान बाजू वर्गमुळापेक्षा मोठी असूच शकत नाही. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढं येतं, म्हणजे तपास तिथवरच करायचा. दुसरी सूट अशी की ६ नं भागायची गरज नसते, २ आणि ३ नं भागून झालेलं असतं. म्हणजे फक्त मूळ संख्यांनीच भागायचं. ४६,३४० पर्यंत मूळ संख्या आहेत ४,७९२. तेवढे भागाकार, तेही दहा आकडी संख्येचे, आणि एकही चुकता कामा नये.

इटलीचा पिएत्रो कातालदी याच वाटेनं गेला होता. १५८८ च्या सुमारास त्यानं एकोणीस घरांची बेरीज, ५,२४,२८७, मूळ असल्याचं भागाकार करकरून दाखवलं. त्या संख्येचं वर्गमूळ सातशे-साडेसातशेच्या घरात असल्यामुळं ते जमलं. पुढं जवळजवळ १८४ वर्षं तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणी सिद्ध केली नाही.

मग आला स्वित्झर्लंडचा गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर. १७७२ साली तो सेंट पीटर्सबर्गला होता. उजवा डोळा तरुणपणीच गेला होता आणि १७६६ मध्ये डाव्यात मोतीबिंदू झाला होता. दिसत जवळजवळ नव्हतं. अशा माणसानं ४,७९२ भागाकारांचं ओझं पावणेचारशेच्या आत आणलं. कसं, ते मी पोरांना गोलात बसवून दाखवतो, कारण यातली खरी गोडी तिथंच आहे.

आपली २३ घ्या. पारावर २३ जण गोल बसलेत, त्यांना ० पासून २२ पर्यंत नंबर दिलेत. एक नंबरवाल्याच्या हातात चेंडू आहे. नियम एकच: ज्याच्याकडं चेंडू आहे त्यानं आपल्या नंबराच्या दुप्पट नंबरवाल्याकडं तो टाकायचा, आणि दुप्पट २३ च्या पुढं गेली तर २३ वजा करायचे. चेंडू असा फिरतो: १ कडून २, ४, ८, १६. सोळाची दुप्पट ३२, त्यातून २३ गेले, उरले ९. पुढं १८, १३, ३, ६, १२. बाराची दुप्पट २४, वजा २३, म्हणजे परत १. मोजून अकरा फेकांत चेंडू पहिल्याच्या हातात आला. अकरा वेळा दुप्पट केल्यावर बाकी १ राहिली, म्हणजे दोनाच्या ११ व्या घातातून १ वजा केला की २३ नं पूर्ण भाग जातो. २,०४७ ला २३ नं भाग जातो म्हणजे हेच.

पण आता ज्यांच्या हाती चेंडू आलाच नाही त्यांच्याकडं बघा. शून्यवाल्याला बाजूला ठेवा, कारण शून्याची दुप्पट शून्यच. चेंडू ५ कडं द्या: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४, आणि परत ५. हेही अकराच. बावीस जणांची अकरा-अकरांची दोन कडी झाली, मध्ये कोणी शिल्लक नाही. हे योगायोगानं होत नाही. दुसरं कडं म्हणजे पहिल्याच कड्यातल्या प्रत्येक नंबराला ५ नं गुणून घेतलेली बाकी. म्हणून सगळी कडी सारख्याच लांबीची असणार. २२ ला ११ नं भाग जायलाच हवा, त्याला इलाज नाही.

हाच विचार आपल्या मोठ्या संख्येला लावायचा. समजा तिला एखाद्या मूळ संख्येनं भाग जातो. तेवढी माणसं गोलात बसवली तर चेंडू एकतीस फेकांत परत आला पाहिजे. तो त्याआधी येऊ शकत नाही, कारण ३१ ही मूळ संख्या, तिचे लहान समान तुकडे पडत नाहीत. मग शून्यवाला सोडून बाकीचे सगळे एकतीस-एकतीसच्या कड्यांत वाटले गेले पाहिजेत. म्हणजे विभाजकातून १ वजा केला की ३१ नं भाग जायला हवा. विभाजक विषम असणारच, म्हणून २ नंही जायला हवा. दोन्ही मिळून ६२ नं. त्यामुळं ३, ५, ७, ११, १३ अशा सगळ्या ओळखीच्या संख्या भागाकार न करताच बाद होतात. वाटणी घ्यायला दारात आलेल्या शेकडो जणांना ऑयलरनं सातबारा बघूनच परत पाठवलं, असं मी पोरांना सांगतो.

त्यानं आणखी एक गाळण लावली. एकतीस वेळा दुप्पट करून १ येत असेल तर बत्तीस वेळा दुप्पट करून २ येणार. आणि बत्तीस हा सम घातांक, म्हणजे त्या गोलात २ हा कुठल्यातरी वर्गसंख्येची बाकी ठरतो. असं फक्त त्याच मूळ संख्यांत घडतं ज्यांना ८ नं भागल्यावर १ किंवा ७ उरतात. या नियमाची सिद्धता इथं लांबेल, पण तपासून बघणं सोपं आहे: २३ ला ८ नं भागलं की ७ उरतात, ८९ ला भागलं की १ उरतो. दोन्ही अटी एकत्र केल्या की शिल्लक राहतात अशाच संख्या ज्यांना २४८ नं भागल्यावर १ किंवा ६३ उरतात. १ आणि ६३ सोडल्या तर ४६,३४० पर्यंत अशा संख्यांची गिनती होते ३७२, आणि त्यातल्या मूळ संख्या शंभराच्याही आत आहेत. ऑयलरनं तपास केला, कुठंच भाग गेला नाही, आणि बर्नुली या गणितज्ञाला पत्रानं तसं कळवलं. पुढं कित्येक दशकं ही सगळ्यांत मोठी माहीत असलेली मूळ संख्या होती.

त्याच संख्येला दोनाच्या तिसाव्या घातानं गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस आकडी परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज त्या संख्येएवढीच. लहान उदाहरण २८ चं: १, २, ४, ७, १४ यांची बेरीज २८. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञानं १८११ मध्ये लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी कधी शोधणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. या वाक्याशी मी मुळीच सहमत नाही. कुतूहलाला 'नुसतं' म्हणणं मला पटत नाही. आणि त्याचं भाकीतही शंभर वर्षं टिकलं नाही. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं दोनाचा १२७ वा घात उणे १, ही ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं हातानं आकडेमोड करून सिद्ध केलं, आणि तिच्यावरून याहून मोठी परिपूर्ण संख्या मिळाली.

ल्युकाची वाट आणखी वेगळी. पुढं अमेरिकेच्या लेहमरनं ती सोपी केली. त्यात विभाजक शोधायचेच नसतात. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा, आणि हे घातांकापेक्षा दोननं कमी वेळा करा. शेवटची बाकी शून्य आली की संख्या मूळ. पाच घरांच्या ३१ वर करून बघू. चारचा वर्ग १६, वजा २, झाले १४. चौदाचा वर्ग १९६, वजा २, झाले १९४, त्याला ३१ नं भागलं, उरले ८. आठचा वर्ग ६४, वजा २, झाले ६२, आणि ६२ ला ३१ नं पूर्ण भाग. तीन पायऱ्यांत निकाल. २१४७४८३६४७ साठी अशा पायऱ्या लागतात फक्त २९. आधी ४,७९२, मग ३७२, आता २९. संख्या तीच, ढीग तोच.

आजही मोठ्या मूळ संख्या मर्सेनच्या जातीतच सापडतात, त्याचं कारण हेच: त्या जातीला ही खास परीक्षा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन संशोधकानं, जगभरातल्या स्वयंसेवकांच्या 'गिम्प्स' या प्रकल्पातून, दोनाचा १३६२७९८४१ वा घात उणे १ ही संख्या शोधली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला ४,००० अंक छापले तरी दहा हजारांच्या वर पानं होतील. कुठलीही संख्या मूळ आहे का हे झटपट आणि खात्रीनं तपासता येतं का, हा प्रश्न मात्र आपल्याच देशात सुटला: २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी तशी पद्धत दिली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. आमच्या लातूर-नांदेडकडं गणित म्हटलं की प्रवेशपरीक्षेचा पर्याय क्रमांक आठवणारी पोरं फार. त्यांना मी हे तिघं आवर्जून सांगतो.

लोक विचारतात, या मोठ्या मूळ संख्या बँकेच्या कामी येतात ना? येतात, पण या नव्हे. १९७७ च्या आरएसए या कुलूपपद्धतीत तीनशे-तीनशे आकडी दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात. गुणाकार करणं सोपं आणि त्याचे दोन भाग परत सोडवणं महाकठीण, यावर ते कुलूप टिकतं. त्यासाठी अज्ञात मूळ संख्या लागतात. मर्सेनच्या मूठभर आणि जगजाहीर संख्या तिथं चालणार नाहीत.

आपली २१४७४८३६४७ मात्र संगणकात रोज भेटते. बऱ्याच यंत्रणा एक संख्या ३२ खणांत साठवतात. एक खण अधिक-उण्याच्या चिन्हाचा, उरलेले ३१. म्हणजे बुद्धिबळाची एकतीस घरं भरली, आता जागा नाही. जुन्या यंत्रणा वेळही असाच मोजतात, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. आपल्या घड्याळाप्रमाणं १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ही घरं भरतील, आणि ज्या यंत्रणा तोवर सुधारल्या नसतील त्या पुढच्याच सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवू लागतील.

एक शेवटची गंमत, कारण ती पोरांना फार आवडते. ५ वरून ३१ मिळाली, ३१ वरून २१४७४८३६४७ मिळाली, तिन्ही मूळ. मग तेवढीच घरं असलेल्या पटाची बेरीजही मूळ असणार? नाही. त्या अवाढव्य संख्येला २९५२५७५२६६२६०३१ नं भाग जातो. तीन पायऱ्या चढलेली शिडी चौथीला मोडते. आणि मर्सेन मूळ संख्या कधी संपतात की संपतच नाहीत, हे आजही कोणी सिद्ध केलेलं नाही.

त्या दिवशी तासाची वीसेक मिनिटं उरली होती. वर्गात ३१ मुलं, तपासायच्या संख्या ३७२. माणशी बरोबर बारा. मी फळ्यावर पहिल्या काही संख्या लिहिल्या, २४९, ३११, ४९७, ५५९, आणि एका मुलाला ३११ नं भागायला उभं केलं. त्यानं सावकाश भागाकार केला. भागाकार आला ६९०५०९२ आणि बाकी ३५. भाग जात नाही.

मग मी २४९ कोण करतंय असं विचारलं. पप्पांच्या नंबराचं विचारणारी तीच मुलगी उठली. "सर, २४९ ला तर ३ नं भाग जातो की. आन् ३ तर आपण मगाशीच दारातनं परत पाठवला. मग हे कशाला करायचं?"

तिनं पुढं येऊन २४९ वर रेघ मारली. मग ४९७ वर, कारण त्यात ७ आहे. मग ५५९ वर, त्यात १३ आहे. घंटा होईपर्यंत ती आणि तिच्या बाकावरच्या दोघी मिळून १,३०३ पर्यंत पोचल्या होत्या. ३११ नंतर पहिली उभी राहिलेली संख्या तीच होती.